अख्खी मॅच बघ

प्रिय पोरा,

तुझी यादी मिळाली. तीन दिवस माझं उत्तर नाही म्हटल्यावर ‘काका, रागावला काय?’ असं विचारलंस. रागावलो नाही. म्हणजे थोडा रागावलो. मोबाइलवर अंगठ्यानं लिहायची माझी मजल ‘बरं’ आणि ‘जेवलास का’ इथवरच, म्हणून हे कागदावर लिहितोय. काकू फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर फोन कर, पण सगळं वाचून मग कर.

तुमच्या पुण्याच्या ऑफिसात फुटबॉलवाल्यांचा ग्रुप झालाय, आणि त्यात प्रत्येकानं पाच आवडते, पाच नावडते खेळाडू टाकायचेत. आवडत्यांत तू मेस्सी, मॉड्रिच, झिदान, छेत्री आणि मॅराडोना लिहिलेस. नावडत्यांत सुआरेझ, मातेराझी, एमिलियानो मार्टिनेझ, रॉबर्टो बॅजिओ, आणि पाचवा आपल्याच कोल्हापूरच्या पेठेच्या टीमचा यंदाचा चार नंबरचा पोरगा. खाली प्रश्न टाकलास: ‘मॅराडोनानं हात लावला तर देव आणि सुआरेझनं लावला तर चोर, असं कसं काका? मी दोघांना वेगवेगळ्या रकान्यात का टाकलंय तेच मला कळेना.’

प्रश्न चांगला आहे. इतका चांगला की माझ्याकडं त्याचं धड उत्तर नाही. पण त्याच्याकडं नंतर येतो. आधी तुझी झडती.

बॅजिओ? लेका, तुझा जन्म २००३ चा. तू त्याला कुठं खेळताना बघितलंस? मीच सांगतो. निळा शर्ट, मागं बारीक शेंडी, चेंडू आडव्या दांड्यावरून उडतो, आणि तो मान खाली घालून तिथंच उभा राहतो. दहा-बारा सेकंद. एवढ्या ओळखीवर तू माणसाला नावडत्या रकान्यात बसवलंस. आपल्याकडं पोरीचं स्थळ बघताना पण यापेक्षा जास्त चौकशी करतात.

१९९४ ची ती वर्ल्ड कप फायनल पासाडेनात भर दुपारी झाली, आपल्याकडं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. ब्राझील-इटली, १२० मिनिटं शून्य-शून्य. कंटाळवाणी मॅच म्हणून तिची ख्याती आहे आणि ती खोटी नाही, आमच्या खोलीतले तिघं हाफ टाइमच्या आत घोरत होते. पण मी इटलीच्या त्याच्या आधीच्या मॅचही बघितल्या होत्या. नायजेरियानं एक गोल मारलेला, झोला रेड कार्ड घेऊन बाहेर, इटलीचे दहाच जण राहिलेले, ८८ वं मिनिट. इटलीनं सामान बांधायला घेतलंच होतं. तिथून बॅजिओनं गोल काढला, मग जादा वेळेत पेनल्टीवर दुसरा. स्पेनविरुद्ध परत ८८ व्या मिनिटाला. बल्गेरियाविरुद्ध सेमीफायनलला दोन. बाद फेरीत इटलीचे फायनलपर्यंत सहा गोल झाले, त्यातले पाच या माणसाचे. सेमीफायनललाच त्याची मांडी दुखावली, फायनल खेळेल का नाही याची खात्री नव्हती. तो खेळला. निकाल शेवटी टायब्रेकरवर, म्हणजे दोन्हीकडच्या पाच-पाच पेनल्टींवर गेला. त्याच्याआधी इटलीचा बॅक बरेसी याची पेनल्टी वरून गेली होती, मासारोची ब्राझीलचा गोलकीपर तफारेलनं अडवली होती. बॅजिओ पाचवा आला तेव्हा ब्राझील ३-२ नं पुढं होतं आणि त्यांच्या बेबेटोचा फटका शिल्लक होता. म्हणजे यानं मारली असती तरी मॅच बेबेटोच्या पायावर होती. पण बेबेटोला फटका मारायची गरजच पडली नाही आणि कॅमेरा शेंडीवर थांबला.

आणि बरेसी! त्याचं नाव तुझ्या कुठल्याच रकान्यात नाही. नॉर्वेविरुद्ध, म्हणजे दुसऱ्याच मॅचला, त्याचा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. चार आठवडे व्हायच्या आत, चौतिसाव्या वर्षी, तो फायनलला उभा राहिला आणि १२० मिनिटं ब्राझीलच्या रोमारिओला गोल करू दिला नाही. मग इटलीची पहिली पेनल्टी त्यानंच घेतली आणि तीच वर मारली. त्याचं रडणं मला अजून दिसतं. माझ्या आवडत्यांत मॅराडोनाच्या खालोखाल तोच. ज्यानं नुसता टायब्रेकर बघितला त्याच्या लेखी बरेसी म्हणजे पेनल्टी घालवणारा म्हातारा.

म्हणून सांगतोय, अख्खी मॅच बघ. मग ज्याला नावडता म्हणायचं त्याला म्हण. मी अडवणार नाही.

तू म्हणशील काकांना रीलचा राग आहे. आहेच. पण रीलच्या आधीही आम्ही हेच करायचो, त्याला तेव्हा ‘पेपरात वाचलं’ म्हणायचो.

आता तुझा तो हाताचा प्रश्न. २२ जून १९८६, रविवार, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, अर्जेंटिना-इंग्लंड. मी अठरा वर्षांचा. गल्लीत दोन टीव्ही, दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट, आणि ज्या घरात आम्ही बसलो होतो तिथल्या आजींनी ‘दिवा लावायचा नाही, आवाज करायचा नाही’ या अटीवर दार उघडं ठेवलेलं. रात्री साडेअकराला मॅच सुरू झाली. मॅराडोनानं पहिला गोल हातानं मारला तेव्हा आम्हाला तो हात दिसला नाही. इंग्लंडचा गोलकीपर शिल्टन हात वर करून रेफरीकडं पळाला म्हणून शंका आली एवढंच. त्यानंतर चार मिनिटांत तो दुसरा, स्वतःच्या अर्ध्यातून निघून अख्खा इंग्लंड मागं टाकत गेलेला. आजींची अट मोडली. त्यांनी काही म्हटलं नाही, कारण त्याही उठून बसल्या होत्या.

लोक इथंच थांबतात. त्यापुढची पस्तीस मिनिटं कुणी बघत नाही. इंग्लंडचा जॉन बार्न्स उशिरा मैदानात आला आणि डाव्या बाजूनं त्यानं अर्जेंटिनाच्या बॅकची पिसं काढली. त्याच्या क्रॉसवर लिनेकरचा गोल झाला, २-१. मग परत तोच क्रॉस, परत तोच लिनेकर, आणि गोलरेषेवर ओलार्तिकोचेआनं मानेनं का डोक्यानं चेंडू कसाबसा बाहेर काढला. तो निघाला नसता तर मॅच जादा वेळेत जाते, आणि मग कोण देव नि कोण चोर हे कुणास ठाऊक. ओलार्तिकोचेआचा फोटो मात्र आपल्या पेठेत आजवर कुणी लावलेला नाही. वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत मेस्सीचे आणि नेमारचे तीस-तीस फुटी कटआउट उभे राहतात, त्याच्यासाठी एक साधं बॅनर नाही.

आता सुआरेझ. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, उरुग्वे-घाना. घाना जिंकला असता तर सेमीफायनल गाठणारा आफ्रिकेतला पहिला देश ठरला असता. १-१, जादा वेळेचं शेवटचं मिनिट, घानाच्या अदियाहचा हेडर गोलात चाललेला आणि सुआरेझनं गोलकीपरसारखा दोन्ही हातांनी अडवला. रेड कार्ड. पेनल्टी. घानाच्या ग्यानचा फटका दांड्यावर. आणि बाहेर जाता जाता सुआरेझ नाचतोय. मी दहा वर्षं या माणसाला शिव्या घातल्या. लॉकडाऊनमध्ये काही काम नव्हतं तेव्हा ती मॅच परत अख्खी बघितली. दोन गोष्टी मी साफ विसरलो होतो. एक म्हणजे सुआरेझला पूर्ण शिक्षा झाली होती. बाहेर काढला, पेनल्टी दिली, सेमीफायनल खेळू दिली नाही. नियमाच्या पुस्तकात आहे ते सगळं त्यानं भरलं. आणि दुसरी गोष्ट ग्यानची. अख्ख्या खंडाचं ओझं घेऊन दांड्यावर मारल्यावर काही मिनिटांतच टायब्रेकरला घानाची पहिली पेनल्टी घ्यायला तोच पुढं आला, आणि त्यानं ती मारली. मी त्याला विसरलो आणि नाचणारा सुआरेझ लक्षात ठेवला. घाना हरली ती पुढच्या फटक्यांवर.

मग हिशेब काय? ज्याला शिक्षा झाली तो चोर, आणि ज्याला झाली नाही तो देव? तू हेच विचारतोयस. आणि मला उत्तर येत नाही म्हणून मी गेले तीन दिवस अंगणात फेऱ्या मारतोय. मॅराडोनाला मी यादीतून काढणार नाही, हे आधीच सांगतो. मी त्याला त्या दिवशी लाथा खाताना, कोपर खाताना, परत उठताना बघितलंय. तो एक हात वजा केला तरी मॅच त्याचीच होती. हे वकिली बोलणं झालं, कळतंय मला. पण अठराव्या वर्षी काळोखात बसून बघितलेला माणूस असा एका प्रश्नानं सुटत नसतो. तुझा मेस्सी सुटतो का बघ. आणि थिएरी हेन्रीनं २००९ मध्ये आयर्लंडविरुद्ध हातानं चेंडू थांबवून गोल करवून दिला, फ्रान्स वर्ल्ड कपला गेलं, त्याचं नाव कुणाच्याच नावडत्या यादीत का नसतं? देखणा आहे म्हणून. घाल हे तुझ्या ग्रुपवर.

सुआरेझ मात्र तुझ्या रकान्यात राहू दे. हातासाठी नको. २०१३ ला इव्हानोविच, २०१४ ला किएलिनी, मैदानावर माणसांना चावलाय तो. हात माफ, दात नाही.

मातेराझीचं थोडक्यात सांगतो. २००६ ची वर्ल्ड कप फायनल बर्लिनमध्ये, इटली-फ्रान्स. फ्रान्सला पेनल्टी मिळाली ती त्याच्या चुकीनं, झिदाननं ती मारली. बरोबरीचा गोल मातेराझीचा. ११० व्या मिनिटाला झिदाननं छातीत डोकं घातलं ते मातेराझीच्या. टायब्रेकरला एक पेनल्टी मारली तीही त्यानं. मुळात तो संघात आला तो नेस्टा जखमी झाला म्हणून. त्या मॅचची अख्खी गोष्ट त्या एका लांबड्या माणसाभोवती फिरते, आणि तू मारणाऱ्याला आवडत्यांत घेतलंस आणि मार खाणाऱ्याला नावडत्यांत. का? तो जिंकला म्हणून? तोंडानं काहीतरी बोलला म्हणून? तोंडानं तर आपण सगळेच बोलतो. त्याबद्दल पुढं सांगतोच.

अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझ तुला नको, कारण बक्षीस घेताना त्यानं अचकटविचकट केलं. केलं. पण १८ डिसेंबर २०२२ ला तू माझ्या शेजारी बसून ती वर्ल्ड कप फायनल बघितलीस, १२३ व्या मिनिटाला फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका त्यानं डाव्या पायानं अडवला तेव्हा तू माझ्या मांडीवर इतक्या जोरात थाप मारलीस की वळ उठला. तू मेस्सीचा, आणि मेस्सीचा कप ज्यानं वाचवला तो नावडता. बरं, अर्जेंटिनाचा बॅक माँटिएल आठवतो का? चेंडू त्याच्या कोपराला लागला म्हणून एम्बापेला पेनल्टी मिळाली आणि ११८ व्या मिनिटाला ३-३ झालं. त्या क्षणी टीव्ही बंद केला असतास तर यादीत तोच पहिला आला असता. शेवटची, कप देणारी पेनल्टी कुणी मारली? माँटिएलनं. म्हणून म्हणतो बाबा, अख्खी बघ.

आता पाचवं नाव.

आपल्या पेठेचा चार नंबर. टायब्रेकरला पेनल्टी बाहेर गेली, क्लिप फिरली, क्लिपखाली कुणीतरी गाढवाचं चित्र लावलं, आणि तू ते पुढं ढकललंस. मलाही आलं, तुझ्याकडूनच. त्या दिवशी तू हिंजवडीत होतास. मी शाहू स्टेडियमवर गॅलरीत होतो. काय झालं सांगू? पहिल्या अर्ध्यात आपला गोलकीपर पुढं आला आणि फसला, तेव्हा गोलरेषेवरून चेंडू काढला तो याच पोरानं. दुसऱ्या अर्ध्यात त्याच्या पोटरीत दोनदा गोळे आले, दोनदा बाहेर जाऊन बर्फ लावून परत आला. टायब्रेकरच्या आधी सगळे रिंगण करून उभे राहिले तेव्हा पाचवा कोण असं प्रशिक्षकानं विचारलं. दोन सीनियर आपापल्या बुटांच्या नाड्या बघत होते. यानं हात वर केला. वीस वर्षांचा पोरगा आहे. एवढं मी वरून बघितलं. तुझ्या क्लिपमध्ये यातलं काय आहे? पळत येतो, मारतो, बाहेर जातो, गाढव.

तू वाईट नाहीस. तू त्या दिवशी मॅचला नव्हतास एवढंच. पण मॅचला नसताना बोलणं काय करतं ते मला माहीत आहे, म्हणून आता जे सांगायचं नव्हतं ते सांगतो. काकूला पण हे पूर्ण माहीत नाही. फोटो काढताना वाचेल, वाचू दे.

१९९१ ची गोष्ट. मी तेवीस वर्षांचा, शिरोलीला फौंड्रीत पहिली पाळी. आपल्या पेठेची मोठी मॅच, समोर पिढ्यान्‌पिढ्यांची ईर्ष्या असलेली टीम. पाळी सुटल्यावर अंगावरची काळी माती तशीच ठेवून सायकल मारत स्टेडियमवर आलो. आत शिरलो तेव्हा शेवटची दहा मिनिटं राहिली होती, १-१. टायब्रेकर झाला. आमच्या बॅकनं पेनल्टी बाहेर मारली. हरलो.

पहिला ओरडलो तो मी. नुसता ओरडलो असतो तर एक वेळ चाललं असतं. मला यमक सुचलं. त्याचं नाव आणि एक शब्द, अगदी चपखल बसलेलं. शब्द लिहीत नाही. दोनदा ओरडलो तर शेजारच्यांनी उचललं, मग ती पायरी, मग अख्खी गॅलरी. मला, खोटं कशाला बोलू, फार भारी वाटलं. माणसं वळून बघत होती की सुचलं कुणाला. पुढच्या मॅचला मी म्हणायच्या आधीच लोक म्हणत होते. हंगामभर म्हणाले. लहान पोरं त्याच्या दारावरून म्हणत जायची. पुढच्या हंगामात तो खेळायला आला नाही. पेठेत कुणी विचारलंही नाही का नाही म्हणून.

दहा-बारा वर्षांनी चहाच्या गाड्यावर आपल्या टीमचं सामान सांभाळणारे एक म्हातारे भेटले. बोलता बोलता त्या मॅचचा विषय निघाला. म्हणाले, सकाळीच त्याचा घोटा विटेसारखा सुजला होता, बदली बॅक गावाला गेलेला, म्हणून पट्टी आवळून उतरला. पहिल्या तासाभरात समोरच्यांच्या फॉरवर्डला त्यानं गोलासमोरच्या डीमध्ये येऊ दिलं नाही. मग मला विचारलं, ‘तू होतास की त्या दिवशी. कुठं बसला होतास?’

मी म्हटलं, वरच्या बाजूला.

तेवीस वर्षांचा होतो. सगळी गॅलरी ओरडत होती. मला सुचलं नसतं तर दुसऱ्या कुणाला सुचलं असतं, हरलेल्या पेठेत कवींची कमी नसते. आणि पाळी टाकून लवकर येणं मला परवडण्यासारखं नव्हतं, दिवसाचा पगार गेला असता. हे मी तीस-पस्तीस वर्षं स्वतःला सांगतोय. आता तुला सांगून बघितलं. लिहिल्यावर आणखीच पोकळ दिसतंय.

१९९४ च्या वर्ल्ड कपला कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वतःच्याच गोलात चेंडू गेला. २२ जूनला, म्हणजे मॅराडोनाच्याच तारखेला. दहा दिवसांनी मेडेयिनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मला कोलंबिया आठवला नाही, माझं यमक आठवलं. आपल्याकडं कुणी गोळ्या घालत नाही, हे तू म्हणशील. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागानच्या मॅचला गॅलरीत दंगल झाली आणि १६ प्रेक्षक मेले. घरून मॅच बघायला निघालेली माणसं. ईर्ष्या पाहिजे, ईर्ष्येशिवाय कोल्हापूरचा फुटबॉल म्हणजे मीठ नसलेला तांबडा रस्सा. पण ती तिथं बसून बघितलेल्या मॅचवर असू दे.

त्या बॅकची नि माझी एकदा गाठ पडली. एका लग्नात, एकाच पंगतीत, मधे एक माणूस सोडून. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, ‘तुमचा आवाज लई मोठा होता.’ हसून म्हणाला. मग मठ्ठा मागितला. मी जग पुढं केला. एवढंच झालं. माफी मागायला मला तोंड नव्हतं का हिंमत नव्हती, दोन्हीतलं काय ते ठरवत मी जिलबी खात राहिलो.

असो. छेत्री तुझ्या आवडत्यांत आहे, ते मला आवडलं. तिथंही माझी एक लाज आहे, तीही ऐक. जून २०१८, अंधेरीला भारताची चायनीज तैपेईशी मॅच, ५-० जिंकले, छेत्रीची हॅट्‌ट्रिक, आणि बघायला २,५६९ माणसं. दुसऱ्या दिवशी त्यानं हात जोडून व्हिडिओ टाकला, शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमवर येऊन करा. मी तेव्हा मुंबईतच होतो, थोरलीकडं, अंधेरीपासून अर्ध्या तासावर, आणि पहिल्या मॅचला सोफ्यावर बसलो होतो. व्हिडिओ बघून दुसऱ्या मॅचला गेलो, केनियाविरुद्ध, त्याची शंभरावी. धो-धो पाऊस, मैदानात तळं, पहिल्या अर्ध्यात एकही गोल नाही, आणि स्टेडियम भरलेलं. मग छेत्रीचे दोन, जेजेचा एक. भिजून घरी आलो तेव्हा लेक म्हणाली, बाबा या वयात. माझा आवडता क्षण लिहायचा असेल तर तोच लिही. गोल नको लिहू. अर्ध्या तासाला मॅच शून्य-शून्य असताना शेजारचा अनोळखी माणूस त्याच्या छत्रीचं टोक माझ्या डोक्यावर सरकवून म्हणाला, ‘येईल, गोल येईल’, ते लिही.

नावडता क्षण सोपा आहे. ८ जुलै १९९०, रोम, वर्ल्ड कप फायनल, ८५ वं मिनिट. फोलर पडला, पेनल्टी मिळाली, ब्रेमेनं मारली, पश्चिम जर्मनी १-०. ती पेनल्टी नव्हती. मी ती मॅच अख्खी बघितली आहे तेव्हा मला बोलायचा हक्क आहे. अर्जेंटिना त्या दिवशी भिकार खेळली, दोघं रेड कार्ड घेऊन बाहेर गेले, गोलावर धड एक फटका नाही, हे सगळं मान्य. तरी ती पेनल्टी नव्हती. २०२४ मध्ये ब्रेमे गेला तेव्हा थोरली म्हणाली, बाबा, यूट्यूबवर ती मॅच आहे, परत बघा, सुआरेझचं झालं तसं कदाचित मत बदलेल. बघणार नाही. एकदा बघितली, पुरे. आणि हो, अख्खी मॅच बघ म्हणणाऱ्यानं असा आडमुठेपणा करावा का, हा प्रश्न तू फोनवर विचारणार, तर विचारू नकोस.

तुझी यादी तू तुझी टाक. बॅजिओला काढून त्या जागी काय भरायचं ते तू बघ, नाही भरलंस तरी ग्रुपवाले पोलीस पाठवणार नाहीत. पाचवं नाव मात्र आज रात्रीच खोड, आणि ते गाढव ज्यांना ज्यांना पाठवलंस त्यांच्याकडून पुसून घे. पुसलं जातं का ते मला माहीत नाही, आमच्या वेळचं तर जात नव्हतं.

पुढच्या रविवारी तो पोरगा परत खेळणार आहे, प्रशिक्षकानं ठेवलाय त्याला. चारची मॅच आहे. शनिवारी रात्रीच्या गाडीनं ये, सकाळी मिसळ खाऊ. तो लग्नातला बॅकही हल्ली येतो, आमच्या खालच्या दोन पायऱ्या सोडून बसतो, सोबत नातू असतो. चार म्हणजे चार वाजता सुरू होते हल्ली, कुणासाठी थांबत नाहीत. मी साडेतीनला असतो.

तुझा
काका